परका कान

भारतीय प्रजासत्ताकाने आजवर एकदाच माझ्या हाती एक संपूर्ण भूभाग सोपवला. त्या भूभागावर राहणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद करण्याचा अधिकार साऱ्या देशात फक्त मला होता. भूभागाचं नाव काळखडप. तिथे कोणीही राहत नव्हतं.

"राहात नाय तर मोजायचा काय?" मला होडीतून तिकडे नेणाऱ्या बाबी तांडेलाने विचारलं.

"कोणी राहत नाही, हेच मोजायचं. प्रत्यक्ष जाऊन."

"आनि कोन निघाला तर?"

"तर त्याचं शिक्षण विचारायचं."

तांडेल पुन्हा पाण्याकडे पाहू लागला. एक्क्याण्णव सालची जनगणना होती. मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो, आणि सरकारला दुसरा कोणी मोकळा सापडला नसावा. कुडवळीच्या पुळणीवर तांडेलाची होडी अर्धी पाण्यात, अर्धी वाळूत तयार होती. खोळंबा तलाठ्याचा होता. बेटाचा नकाशा त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात आणि तो स्वतः मेहुण्याच्या साखरपुड्यात. नकाशाशिवाय मला निघता येत नव्हतं. समोर पुळणीवरून बेट ढळढळीत दिसत होतं, ही गोष्ट वेगळी.

जिल्ह्याचा तो उत्तरेकडचा किनारा तसा निर्दयच. डोंगर उतरून समुद्रापर्यंत येत नाहीत, तुटून पडतात. कुडवळी त्यातल्याच एका खाचेत बसलंय. तिथून पाहिलं की काळखडप उकिडव्या बसलेल्या माणसासारखं दिसतं. आपल्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड. त्याच्या तोंडाच्या बाजूला पाण्याखाली सुळके आहेत म्हणून गावातली होडी पलीकडे कधी जात नसे.

"मास्तर, पानी तुमच्या तलाठ्यासाठी थांबनार नाय," तांडेल म्हणाला. हे त्याने सकाळपासून बरेचदा म्हटलं होतं. दर वेळी आवाजात थोडी अधिक भीती होती. मला वाटलं, साठी ओलांडलेला माणूस आहे, जेवणाची वेळ टळत असेल.

होडीत मी एकटाच जाणार नव्हतो. वाळूत दोन बायका बसल्या होत्या. म्हातारी भागाबाय आणि तिची सून जयवंती. भागाबायचा मुलगा काशिनाथ आदल्याच्या आदल्या वर्षी, पावसाळ्यानंतर होड्या पाण्यात घातल्या त्या सुरुवातीच्या दिवसांत गेला होता. होडी उलटी सापडली, दोन खलाशी पोहून आले, काशिनाथ आलाच नाही. प्रेतही आलं नाही. कुडवळीत असा माणूस मेला असं म्हणत नाहीत. जिवंत आहे असंही म्हणत नाहीत. त्याची बायको रोज तिन्हीसांजेला किनाऱ्यावरच्या खडकावर कंदील लावते, आणि कंदील लागतो आहे तोवर तिने खाडी ओलांडायची नाही. ती खाडीपल्याड गेली तर त्याची वाट चुकते.

मासेमारीचं एक आख्खं वर्ष उलटलं, की घरच्यांनी काळखडपावर जायचं. तिथे एक घळ आहे. घळीच्या तोंडाशी उभं राहून त्या माणसाच्या नावाने हाक मारायची. हाक परत आली, तर बेटाकडे तो नाही. कुठेतरी आहे, वाट पाहा. नाही परत आली, तर बेटाने ठेवून घेतला. मग बांगड्या उतरवायच्या, कंदील विझवायचा, दिवस घालायचे.

"आणि मी कशाला?" मी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"परका कान लागतो," तांडेल म्हणाला. "घरच्याला जे पायजे ते आयकू येतं. गावच्याला शेजाऱ्याचं वाटोळं पायजे असतं. म्हनून गावाबाहेरचा मानूस न्यायचा. हाक आली का नाय, ते त्यानं सांगायचा. त्याचा शबूद शेवटचा."

मी मनातल्या मनात हसलो होतो. कड्याला आपटून आवाज परत येणारच, हे मी नववीत शिकलो होतो. म्हणजे या गावात आजवर एकही माणूस अधिकृतपणे मेला नसणार.

तलाठी आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्याच्या कपाळावर साखरपुड्याचं कुंकू आणि बगलेत नकाशा. नकाशावर काळखडप म्हणजे एक ठिपका होता. शाईचा असेल किंवा माशीचा. आम्ही निघालो. गावाच्या टोकाला, पाण्यात घुसलेल्या खडकावर एक अतिशय म्हातारी बाई राख घेऊन कंदिलाची काच घासत बसली होती.

"गोदाआते," जयवंती मला म्हणाली. तिचं वय बावीस-तेवीस असेल. "तांडेलमामांची आत्या. तिची हाक परत आलेली."

"कधी?"

"आमचे कोन जल्मले नव्हते तवा. अजून लावते."

"जयवंते, गप बस," भागाबाय म्हणाली. "वाटेत बोलू नये."

"आये, मी काय बोललंय? मास्तरांनी इचारला." मग थोड्या वेळाने, सासूचं लक्ष लाटांकडे आहे असं बघून, ती हलक्या आवाजात म्हणाली, "माज्या भावानं खाडीपल्याड बालवाडीत जागा बघून ठेवलीय. सारका निरोप धाडतो, येतेस का येतेस का. मी काय सांगू? कंदील म्हातारा व्हत नाय मास्तर. काच बदलली की नवा."

"म्हणजे हाक परत येऊ नये असं वाटतं तुम्हाला?"

ती एकदम माझ्याकडे वळली. "असा कोन बोलल का? कुकवाचा धनी हाय तो माजा." आणि तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिली. "तुमी फक्त नीट आयका."

त्या क्षणापर्यंत मी हे प्रकरण मित्रांना सांगायचा किस्सा म्हणून पाहत होतो. भौतिकशास्त्राचा नियम तिला खडकावर बसवणार होता, आणि तो नियम वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

बेटाला होडी लागली तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं. उघड्या पडलेल्या खडकांवर कालवं धारदार चिकटलेली. तांडेलाने ओल्या खडकावरची पाण्याची रेघ पाहिली आणि तो थुंकला.

"आधी सरकारी काम उरका," तो म्हणाला.

मी वर चढलो. माथ्यावर गुडघाभर वाळकं गवत होतं, एक वाकडं झाड होतं आणि पक्षी नव्हते. किनाऱ्यावर माशांच्या वासाने बगळ्यांची रीघ लागते; इथे एक पीसही नव्हतं. पलीकडची बाजू पाहायला जावं असं नियम सांगत होता, पण गवतातून पुढे पाय टाकताना मला वाटलं की कोणीतरी माझ्यामागे नेमकं माझ्याच बेताने थांबतंय. मी वळून पाहिलं. गवत हलत नव्हतं. वारा पडला होता.

प्रगणकाने प्रत्येक वस्तीत उपस्थितांची चौकशी करायची असते. मी चौकशी केली. "कोणी आहे का?" असं विचारलं, पण अगदी हळू, शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असावं तसं. कोणी "हो" म्हणालं असतं तर त्याचं शिक्षण विचारण्याच्या स्थितीत मी नव्हतो. मी शून्य लिहिलं आणि उतरलो.

घळीच्या तोंडाशी एक सपाट खडक आहे. तिथे तिघं माझी वाट पाहत उभी होती. घळ अरुंद, दोन्हीकडे काळे कातळ, आणि आत ती अशी वळते की वळणापुढचं तोंडाशी उभं राहून दिसत नाही. ओहोटीमुळे तिच्या तळाशी नुसतं गुडघाभर पाणी होतं, तेही हलत नव्हतं. पायाखाली काहीतरी चमकलं म्हणून मी वाकलो. हिरव्या काचेचे तुकडे होते, खडकाच्या खाचांत अडकलेले. समुद्राने त्यांच्या कडा झिजवून गोळ्यांसारखे गुळगुळीत केले होते. काय आहे ते लक्षात आल्यावर मी हात काढून घेतला.

तांडेलाने नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. आवाज इतका पुटपुटता होता की मलाच ऐकू येईना. मग तो बाजूला झाला. "भागावयनी, आधी आई."

भागाबाय पुढे झाली. पदर सावरला. बारीक, फाटक्या आवाजात तिने हाक मारली.

"काशिनाथाऽऽ! ए काशिनाथाऽऽ!"

हाक घळीत गेली.

मी थांबलो. परत येणार हे मला माहीत होतं, म्हणून मी जवळजवळ ती ऐकलीच. म्हणजे कान तिच्या जागी बसायला तयार होता. पण काही आलं नाही. एखाद्या खोल गादीवर दगड टाकावा तशी हाक आत गेली आणि आतच राहिली.

"आली!" भागाबाय म्हणाली. "आयकलात ना? बारीक आली. आली ना बाबी?"

तांडेल घळीकडे पाहत होता आणि त्याचं तोंड थोडंसं उघडं होतं.

"मास्तर?" भागाबाय म्हणाली. "तुमचे शिकलेले कान. आली ना?"

"नाही आली," मी म्हणालो.

"माजा आवाज बसलाय. दम्यानं. माज्या हाकेचा धरू नका."

"आता बायको," तांडेल म्हणाला.

जयवंती पुढे येऊन उभी राहिली. आणि उभीच राहिली. मला आधी कळेना काय अडलंय. मग तिचे ओठ हलले आणि थांबले, पुन्हा हलले, तेव्हा उमगलं. तिने ते नाव कधीच घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. घरात 'हे', 'ते', 'आयकलात का'. समुद्रात गेला तेव्हा किनाऱ्यावरून हाका मारणाऱ्यांत तिची हाक नव्हती, कारण तिला हाक मारायला नाव नव्हतं.

"घे गो," भागाबाय म्हणाली. "आज चालतं."

"काशिनाथ," जयवंती म्हणाली, बोलल्यासारखी. मग तिने दोन्ही मुठी आवळल्या आणि अख्ख्या शरीराने ओरडली. "काशिनाऽऽथ! अवो काशिनाऽऽथ! या की वो!"

त्या हाकेत चोरी नव्हती. तिला काय हवं होतं ते तिने होडीत माझ्यापासून लपवलं नव्हतं. आणि तरी इथे ती त्याला खरोखर बोलावत होती. तो त्या वळणावरून चालत आला असता तर ती धावत गेली असती.

घळीतलं पाणी तसंच होतं. काही आलं नाही.

तिघंही माझ्याकडे बघत होती.

"नाही आली."

"तिसरी हाक तांडेलाची," भागाबाय म्हणाली. "मार बाबी. तुजा आवाज तर बंदरापर्यंत जातो."

बाबी तांडेल पुढे आला नाही. भागाबायने त्याच्या कोपराला धरून पुढे लोटलं. भर समुद्रात एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक घालणारा माणूस तो. त्याने हाक घातली, आणि मला वाटलं कातळ दुभंगेल. हाक गेली. आम्ही उभे होतो. दूर कुठेतरी पाण्याचा एक थेंब पडल्याचं मला ऐकू आलं, इतकी शांतता होती. पण हाक नाही.

या वेळी भागाबायने माझ्याकडे पाहिलं नाही.

तिने जयवंतीला खाली बसवलं. बांगड्या दगडावर आपटून फोडायच्या असतात. तिने सुनेचा हात खडकावर ठेवला, स्वतःचा हात उचलला आणि तो तसाच राहिला. मग खाली वाकून ओंजळभर समुद्राचं पाणी घेतलं, जयवंतीच्या मनगटावर ओतलं आणि एकेक बांगडी चोळून चोळून काढू लागली. "हात ढिला सोड. आवळू नको. लागल." काढलेल्या बांगड्या तिने खडकावर टाकल्या नाहीत. कनवटीला लावल्या. जयवंती तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि म्हातारी रडत नव्हती. मी नकाशा उघडून त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं.

परतताना दोघी पुढे नाळीपाशी बसल्या. मी मागे तांडेलाजवळ. अर्धी वाट झाल्यावर तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

"मास्तर, ते बेट भरतीला मुकं असतं. घळ पान्यानं भरते, हाक आत जात नाय. ओहोटीला घळ मोकळी. हाक हमखास परत येते. आमच्या घरात बापाकडनं पोराला येवडंच सांगतात."

"म्हणजे तुम्ही आधीच ठरवता?"

"मंग काय तर. पोर तरनी असली, पदरात मूल नसला, तर भरती धरायची. मानूस मुंबयला पळालाय अशी कुनकुन असली तर ओहोटी. माज्या बापानं आत्याला ओहोटीला नेलं. मानूस गेलेला त्याला पक्का ठावूक होता. पन भैन दुसऱ्या घरात जायला नको होती. तवा मी ठरवला, माज्या हातनं कुनाला कंदील लागायचा नाय. कंदा बुडाला, सदू बुडाला, समद्यांच्या बायकांना मी भरतीला नेल्या." त्याने वल्ही थांबवली. "हिला पन भरतीलाच न्यायची व्हती."

"तलाठी उशिरा आला."

"पानी उतरलेलं बघितला तवा मी मनात बोललो, झाला, पोर खडकावर बसली. तुमीच सांगनार आली म्हनून. मी तयार व्हतो मास्तर." त्याच्या कपाळावर घाम होता. "ओहोटी व्हती. घळ मोकळी व्हती. आनि तो बेटावरचा बोलला नाय."

"वाऱ्यामुळे असेल," मी म्हणालो. वारा नव्हता.

"येवडी वर्सं त्याच्या नावानं मी बोलत व्हतो. मला वाटायचा तितं कोन नाय." तांडेलाने बेटाकडे पाठ केली होती आणि मान वळवायचं टाळत होता. "आज त्यानं सोता सांगितला. म्हंजे समदा आयकत व्हता तो, सुरवातीपासनं."

मला एकच सुचलं आणि ते सुचलं नसतं तर बरं होतं. मी मागे वळून पाहिलं. बेट उकिडवं बसलं होतं, आमच्याकडे पाठ करून.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. काशिनाथचे दिवस घातले. जयवंती खाडी ओलांडून बालवाडीत रुजू झाली, पुढे तिथल्याच एका बोटीवरच्या यांत्रिकाशी तिचं लग्न झालं. लग्नाला भागाबाय गेली होती. बाबी तांडेलाने तांडेलकी सोडली, माळ घातली आणि बेटाचं नाव काढलं की हात जोडायला लागला. पण गोष्ट तिथे थांबली नाही. काशिनाथला बेटाने ठेवून घेतलं ही बातमी गोदाआतेच्या कानावर गेली. ती भाच्याकडे येऊन म्हणाली, "मला परत ने. मला एकदा परत इचारायचा हाय." त्याने तिला नेलं, ओहोटीला, कारण आता लबाडी करायची त्याची छाती नव्हती. परका कान म्हणून पोस्टमन होता. म्हातारीने कापऱ्या आवाजात हाक मारली. परत आली नाही. तिने घरी येऊन कंदील विझवला, पोटभर जेवली आणि झोपली. सकाळी उठून शेजारणीला म्हणाली, "आजपासनं रॉकेल तूच घेऊन जा गो."

मी बदली घेऊन पुण्याला आलो. हा प्रसंग मी पुष्कळ ठिकाणी सांगितला. ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे खुलासा असायचा आणि प्रत्येकाचा वेगळा असायचा. माझ्याकडे कुठलाच नव्हता. सहलीला गेल्यावर लोक कड्यावर उभे राहून स्वतःच्या नावाने ओरडतात आणि खिदळतात, तेव्हा मी गाडीत जाऊन बसतो. हाक परत येत नाही याची भीती वाटते की येते याची, हे मला नीट सांगता येणार नाही.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत दाबके नावाचे गृहस्थ राहायला आले. निवृत्त ओव्हरसियर. सकाळी बागेत बाकावर बसून ते आपल्या नोकरीतली बांधकामं ऐकवतात आणि बाक रिकामा होत जातो. एकदा मी उरलो.

"तुम्ही शिकवायला होतात त्या बाजूला एक धक्का केला होता आम्ही," ते म्हणाले. "दगडाची बोंब. खाणीचा परवाना मिळेना. कंत्राटदार वस्ताद होता. म्हणाला, साहेब, समोर एक बेट आहे, कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. कायसं खडप."

"काळखडप."

"बरोबर! तुम्हाला कसं ठाऊक? पाण्यातले सुळके चुकवत समुद्राच्या बाजूने बार्ज लावला. नव्वदचा मे. आसपासच्या होड्या ओढून ठेवलेल्या, बघायला चिटपाखरू नाही. आवाज आले तरी लोकांना वाटायचं, धक्क्याचेच बार. आत एक घळ होती, तिच्या मागचा अख्खा कडा उडवला. तीन आठवड्यांत साफ."

"मागचा कडा?"

"अख्खा. घळ आता आरपार आहे, वळणापुढे थेट समुद्र." दाबक्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसले. "गंमत सांगतो. पहिला बार काढला तो दोनदा ऐकू आला, मजूर घाबरून पळाले. दुसरा एकदाच आला."

मी विचारलं, दगड कसा निघाला.

"एक नंबर," दाबके म्हणाले. "धक्का अजून शाबूत आहे. त्याच्यावर बर्फाच्या गाड्या उभ्या राहतात."